ताण मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा रिकाम्या पारड्यावरही ४० ग्रॅम दाखवतो. दुकानदार बटण दाबून तो शून्यावर आणतो आणि धंद्याला लागतो. "बॅटरी गेली असेल का हो, मॅडम?" असं त्याने विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, याच्यावर कधी पोतं टेकवलं होतं का? काटा ३० किलोचा. दिवाळीच्या गर्दीत कामावरच्या मुलाने साखरेचं ५० किलोचं पोतं घडीभर त्यावर टेकवलं होतं. घडीभरच हो, असं दुकानदार दोनदा म्हणाला.

त्या पारड्याखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, मधोमध आरपार भोकं पाडून मुद्दाम पातळ केलेला. पातळ जागी चार बारीक पट्ट्या डकवलेल्या, पट्टीत नागमोडी तार. पारड्यात कांदे पडले की ठोकळा केसभर वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो. किती बदलतो? १२० ओहमची पट्टी स्वतःच्या लांबीच्या हजाराव्या भागाने ताणली तर ०.२४ ओहम. एवढ्या फरकावरून तो किलो आणि ग्रॅम सांगतो. काट्याला वजन कळतच नाही. त्याला आपलं वाकणं कळतं. आणि पोत्याखाली ठोकळा इतका वाकला की पोतं काढल्यावर पुरता सरळ झाला नाही. ते राहून गेलेलं वाकणं म्हणजे हे ४० ग्रॅम.

मी एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली. सळया ओढून तोडायच्या, हा माझा पगारी उद्योग. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे तीन तक्रारी घेऊन येतात: भिंतीला भेग पडलीय, कमरेत उसण भरलीय, आणि मुलाला ऑफिसचा फार ताण आहे. पहिलीपुरता माझा अधिकार आहे, बाकी दोन ऐकून घ्यायच्या. पण पद्धत मी तिघांनाही एकच सांगते.

ओढ वेगळी, वाढ वेगळी

मराठीची एक अडचण आधी सांगते. दोरीला ताण आहे, कमरेला ताण बसला, डोक्याला ताण आहे: सगळीकडे एकच शब्द. इंजिनिअरिंगला एवढ्यावर भागत नाही. सळईच्या दर चौरस मिलिमीटरमागे आतून किती जोर लागतोय तो स्ट्रेस, आणि त्यापायी ती मूळ लांबीच्या किती पट वाढली तो स्ट्रेन. परिभाषेत पहिल्याला प्रतिबल म्हणतात आणि दुसऱ्याला विकृती. वर्गात "सळईची विकृती मोजा" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. म्हणून मी माझे दोन शब्द केले, ओढ आणि वाढ. पोरांना तेच लक्षात राहिले.

(कोविडच्या दिवसांत पेपरात रोज येणारा "नवा स्ट्रेन" या घरातला नाही. तो वंश किंवा वाण या अर्थाचा, इंग्रजीतच वेगळ्या मुळाचा शब्द आहे.)

हा घोळ फक्त आपलाच नाही. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली माँट्रियलमध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विष, काहीही दिलं तरी उंदराच्या शरीरात ठरावीक बदल होतात, असं त्याला दिसलं होतं. हे बदल म्हणजे वाढ. पण पुढे त्याने त्यांना नाव दिलं स्ट्रेस, म्हणजे ओढ. आपलं इंग्रजी त्या वेळी पक्कं असतं तर आपण स्ट्रेन म्हटलं असतं, असं त्याने उतारवयात कबूल केलं. तोवर शब्द जगभर पोचला होता. आज आपण "मला स्ट्रेस आहे" म्हणतो तेव्हा डोक्यावरचं काम सांगतोय की त्या कामाने आपलं काय झालंय ते सांगतोय, हे ऐकणाऱ्यालाही कळत नाही आणि बोलणाऱ्यालाही.

तेव्हा पहिलं काम हे. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ओढ, उजवीकडे वाढ. "बॉस रात्री अकराला फोन करतो" हे डावीकडे. "तीन आठवडे पहाटे साडेतीनला जाग येते" हे उजवीकडे. बहुतेकांचा डावा रकाना पानभर होतो आणि उजवा कोरा राहतो.

खुणा आधी मारायच्या

चाचणीसाठी सळई आली की यंत्रात चढवण्याआधी तिच्यावर पंचने, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार दांडीने, दोन खुणा मारतात. १२ मिलिमीटरची सळई असेल तर ६० मिलिमीटर अंतरावर. दरवर्षी एखादा मुलगा हे विसरायचा. सळई तुटायची, आवाज छान व्हायचा, सगळे टाळ्या पिटायचे आणि मग मी विचारायची, किती वाढली? मूळ किती होती तेच माहीत नाही, तर वाढ कशातून काढणार? सळई फुकट.

साधी गोल माइल्ड स्टीलची सळई घ्या. यंत्र सुरू केलं की त्याचा जोर दाखवणारा काटा सरसर चढतो. टन, दीड टन, दोन टन. सळईकडे बघितलं तर ढिम्म, काही झालेलं दिसत नाही. मीटरभर लांबीला जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढ होते, खुणांमधल्या ६० मिलिमीटरला तर ०.०७५. एवढ्यात यंत्र सोडलं तर सळई होती तशी. मग २.९ टनांच्या आसपास काटा थबकतो, कधी किंचित मागेही येतो. मी पोरांना सांगायची, आता काटा बघू नका, सळई बघा. आदल्या दिवशी मी तिला चुन्याचा हात मारून ठेवलेला असायचा. काटा थबकला की त्या चुन्याचे पापुद्रे सुटून खाली पडायला लागायचे. ओढ वाढत नाही आणि तरी वाढ चालूच. याला यील्ड म्हणतात. इथून पुढे यंत्र सोडलं तरी सळई मूळ लांबीवर येत नाही.

गंमत पुढे आहे. यील्ड झालेली सळई परत जोर धरते. काटा पुन्हा चढायला लागतो, साडेचार टनांच्याही वर जातो. बघणाऱ्याला वाटतं की सळई आता आधीपेक्षा मजबूत झाली. झालीही, पण तिची अजून वाढायची ऐपत खर्च होत आलेली असते. मग एका जागी मान बारीक होते आणि धाड! दोन तुकडे जोडून खुणा मोजल्या की ६० चे ७४ च्या आसपास भरतात. बिडाचा दांडा ओढला तर यातलं काही नाही. तो ना थबकतो ना बारीक होतो, सरळ तुटतो. म्हणून घराच्या स्लॅबमध्ये लवणारं पोलाद घालतात. पडायच्या आधी ते वाकून दाखवतं.

भिंतीची भेग

आमची इमारत काळ्या मातीवर उभी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक भेग आहे, माझ्याच घरात. सोसायटीच्या सभेत ठरलं की दिवाळीपूर्वी सगळ्या भेगा बुजवून रंग द्यायचा. मी म्हटलं, आधी भेग जिवंत आहे की मेलेली ते तर बघू. अध्यक्षकाका म्हणाले, "वहिनी, भेग ती भेग."

तसं नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तो गिलावा सुकताना आकसलाय, रंगकामात निभतं. खांब आणि वीट यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांची वेगळी हालचाल. तिथे जाळी ठोकून गिलावा करावा लागतो, नुसती पुट्टी टिकत नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आडवी भेग बहुतेक वेळा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबची. पण बीमच्या किंवा खांबाच्या लांबीने जाणारी, गंजाचे तांबूस डाग असलेली भेग दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आत सळई गंजतेय, गंज पोलादापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. बीमच्या टेकूजवळ तिरकी भेग असेल तरीही तेच, उद्यावर न ढकलता.

उरलेल्या भेगांवर नजर ठेवायची. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना एपॉक्सीने डकवा आणि शेजारी भिंतीवरच पेन्सिलीने तारीख घाला. काच तडकली तर भेग जिवंत. गिलावा आधी खरवडून काढा, नाहीतर पोपडा हलेल आणि तुम्ही घाबराल. मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि रंगाऱ्याने माझी काच पुट्टीखाली गाडून टाकली. तारखेसकट.

दुसऱ्या वर्षी मी पंचच्या खुणांवर आले. भेगेच्या दोन बाजूंना बारीक खिळे ठोकायचे, साधारण १०० मिलिमीटर अंतरावर, आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही दाखवणाऱ्या सरकत्या मोजपट्टीने, मोजायचं. व्हर्नियर घरी नसतो हे मान्य. मग मायक्रोटिप पेन्सिलीची शिसं वापरा. ०.५ चं शिस भेगेत शिरतं का, ०.७ चं शिरतं का, एवढं लिहिलं तरी चालतं. काँक्रीटच्या रचनेसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये नेहमीच्या परिस्थितीत भेगेची कमाल रुंदी ०.३ मिलिमीटर धरली आहे. बीममध्ये ०.५ चं शिस गेलं तर माणूस बोलवायला तेवढं कारण पुरे. विटांच्या भिंतीला हा आकडा लावू नका.

आणि निदान वर्षभर मोजा. माझे आकडे जानेवारीत १००.०, मे अखेर १०१.२, सप्टेंबरात १००.३. नुसता मे बघितला असता तर मी घाबरून गेले असते आणि सप्टेंबर बघितला असता तर निवांत झोपले असते. भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते, कारण खालची माती श्वास घेते. मिटताना जे ०.३ राहिलं, दुखणं तेवढंच. गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात पायाशी सुटत होता. तो लांब नेला आणि इमारतीभोवती फरशीचा उताराचा पट्टा करून घेतला. खर्च रंगापेक्षा कमी आला, पण तो दिसत नाही, त्यामुळे सभेत कौतुक रंगाचंच.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. माझे खिळे त्याला पर्याय नाहीत. पण इंजिनिअर आला तेव्हा मी त्याच्यापुढे १४ महिन्यांचे आकडे ठेवले, आणि तो चहा निववून ते वाचत बसला.

कंबर

भरलेला गॅस सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, टाकीचं वजन धरून जवळजवळ ३० किलो. मी तो वाकून, वळून, एका हाताने सरकवायला गेले आणि उसण भरली. शेजारच्या मावशी पायाळू आहेत. त्यांनी तीनदा कमरेवरून पाय फिरवला आणि चहा पिऊन गेल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अशा उसणीतल्या बऱ्याचशा आपोआपच काही दिवसांत सुटतात, त्यामुळे पायाळू माणसाचं नाव मोठं होतं.

डॉक्टरांच्या भाषेत स्नायू किंवा त्याचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) ताणून दुखावला तर स्ट्रेन, आणि सांध्याचा बंध दुखावला, म्हणजे आपला पाय मुरगळतो ते, तर स्प्रेन. स्ट्रेनच्या तीन पायऱ्या मानतात. काही तंतू दुखावले, बरेच तुटले, सगळा स्नायू तुटला. मला हे ऐकून माझी सळईच आठवली. फरक एवढाच की स्नायू तुटलेले तंतू सांधतो आणि बेताबेताने ओझं दिलं तर आधीपेक्षा बळकटही होतो. पोलादाला ही देणगी नाही.

इथे खूण कशी मारायची? सरळ उभं राहून सावकाश पुढे वाका आणि बोटं कुठवर पोचतात ते कॅलेंडरवर लिहा. मांडी, गुडघा, नडगी. कळ आली की थांबा, जोर करायचा नाही. रोज सकाळी एकदा. माझं असं होतं: पहिला दिवस मांडी, चौथा दिवस गुडघा, दहावा दिवस नडगीचा मध्य. पुढे सरकत असेल तर हालचाल चालू ठेवा, आठवडाभर खाटेवर पडून राहू नका, कंबर आणखी आखडते. एकाच जागी अडकलं किंवा मागे आलं तर डॉक्टर. आणि पाय लुळा पडतोय, जांघेत बधिरपणा आलाय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय, ताप आहे, किंवा पडल्या-आपटल्यावर दुखणं सुरू झालंय, तर कॅलेंडर राहू द्या आणि लगेच दवाखाना गाठा. छातीत दाब येऊन डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल तर ती उसण समजून पाय फिरवून घेत बसू नका. हे मी दोनदा पाहिलंय.

कामाचा ताण

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. मागाच्या बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, येणाऱ्या उभ्या सुतावर ते हाताचा पंजा हलकेच टेकवायचे आणि ताण बरोबर आहे की नाही ते सांगायचे. एप्रिल-मे आला की सूत फटाफट तुटायचं. वजनं तीच, माग तोच, सूतही त्याच गठ्ठ्यातलं. हवा कोरडी पडली की कापसाचं सूत हळवं होतं, म्हणून जमिनीवर पाणी मारायचे. तुटलेला प्रत्येक धागा जोडायला माग थांबवावा लागायचा आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. म्हणजे ओढ बदलली नाही आणि तरी वाढ बदलली. सूत चांगलं आणायचं की नाही, माग किती सांभाळायचे, काहीच त्यांच्या हातात नव्हतं.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ साली नेमकं यावर बोट ठेवलं. कामाचा बोजा जास्त असणं एवढ्याने माणूस मोडत नाही, बोजा जास्त आणि त्यावर आपला ताबा कमी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो ज्याला जॉब स्ट्रेन म्हणतो ती अवस्था येते. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला, त्यातही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवर जास्त दिसलं. "साहेबालाच खरं टेन्शन" म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते.

माझा भाचा हिंजवडीत आहे. त्याच्या आईने फोन केला तेव्हा मी तिला विचारलं, नोकरीआधी तो कसा होता? झोप किती, जेवण किती, फोन कोणाकोणाला करायचा, कशावर हसायचा? म्हणजे खुणा. त्या आईकडे, बायकोकडे, जुन्या मित्राकडे असतात, माणसाला स्वतःला आठवत नाहीत. मग ओझं काढून बघायचं. दिवाळीत चार दिवस सुट्टी मिळाली, लॅपटॉप घरी ठेवून गावी आला. चौथ्या दिवशी झोप लागायला लागली, पुतणीशी पत्ते खेळला, तर ताण आहे पण माणूस मूळ लांबीवर येतोय. दहा दिवसांनीही जाग साडेतीनलाच येत असेल आणि ताटातलं तसंच राहत असेल, तर काटा थबकलेला आहे.

अशा वेळी घरचे फसतात ते एका गोष्टीला. पोरगा अचानक जास्त काम करायला लागतो, तक्रार बंद होते, "आता सवय झाली" म्हणतो. सळईही थबकल्यावर परत जोर धरते हे मी वर सांगितलंय. तेव्हा डाव्या रकान्याकडे वळायचं, आणि त्यातलं काय कमी होईल यापेक्षा काय आपल्या हातात येईल ते शोधायचं. भाच्याच्या बाबतीत काम तेवढंच राहिलं, पण रात्रीचे फोन आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी घ्यायचे एवढं त्याने साहेबाकडून लिहून घेतलं. पहाटेची जाग महिनाभरात साडेपाचवर आली. सगळ्यांचे साहेब ऐकत नाहीत, तेव्हा नोकरी बदलण्याचा विचार हा पळपुटेपणा समजू नका. आणि जगणंच नकोसं झाल्याची भाषा कोणी करत असेल तर रकाने आखत बसू नका, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक लावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

समाजाच्या ताणाबद्दल मी थोडकंच बोलेन. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली लिहिलं की समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो पण तिथे जायची वाट सगळ्यांना देत नाही, आणि या दोहोंमधल्या ओढाताणीत माणसं वाकतात. कोणी आडवाट धरतो, कोणी ध्येयच सोडतो, कोणी नुसते सोपस्कार करत राहतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून फिरलात तर यातलं बरंच टेबलाशी बसलेलं दिसेल. जागा थोड्या, मुलं हजारो, आणि गावी सांगितलेलं असतं की पोरगा साहेब होणार. तिथे पंच कुठे मारायचा आणि व्हर्नियर कुठे लावायचा, हे माझ्या प्रयोगशाळेने मला शिकवलं नाही. पण घरात असा मुलगा असेल तर "निकाल कधी?" हा प्रश्न डाव्या रकान्यातला आहे, एवढं ध्यानात ठेवा. उजव्यातला विचारा.

यंदाच्या मेमध्ये खिळ्यांचं अंतर १००.९ भरलं. अध्यक्षकाका स्वतः वर आले होते, चष्मा पुसून त्यांनी व्हर्नियर हातात घेतला आणि १०९ वाचलं. त्यांना वाचायला शिकवतेय.